मागे घेताना एकच आवाज

आम्ही तो ट्रेलर घेतला नाही. निवडला मात्र होता. कुकर कुठे ठेवायचा ते ठरलं होतं, पडदे बदलायचे ठरलं होतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलपासून निघून वेल्सचा किनारा धरून स्कॉटलंडपर्यंत जायचं, हेही ठरलं होतं. नवरा निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. ते घर स्वतः गाडी चालवत ओढून न्यायचं, निवृत्तीकडून त्याचं एवढंच मागणं होतं.

त्याची नोकरी साउथहॅम्प्टनच्या बंदरात क्रेनच्या देखभालीची. जहाजातून कंटेनर उतरायचे, लॉरीवर चढायचे आणि लॉरी फाटकाबाहेर जायची. या लॉरीच्या पुढच्या भागावर वंगण फासलेली एक लोखंडी ताटली असते. मागच्या ट्रेलरची जाड खीळ तिच्या खाचेत शिरते, खटका पडतो आणि दोन्ही भाग एक होतात. त्या ताटलीला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. प्रत्यक्षात ते चाक नसतं. तो खटका त्याने हजारो वेळा ऐकला होता आणि दर वेळी लॉरी दुसऱ्याच कुणाची तरी असे.

अशाच जोडणीचे राहण्याचे ट्रेलरही मिळतात. साधी कॅरॅव्हॅन गाडीच्या मागे, शेपटीला बांधल्यासारखी जाते. हा ट्रेलर पिकअप ट्रकच्या पाठीवर मान टाकतो, आणि त्या मानेच्या भागात, ट्रकच्या वर, झोपायची खोली येते. या देशात असे ट्रेलर कमीच दिसतात. गावातले रस्ते अरुंद आहेत आणि कॅम्पसाइटवरच्या जागा आखूड. नवऱ्याला दुसरं काही पाहायचंच नव्हतं.

"शेपटीचं घर वाऱ्यात हलतं," तो म्हणायचा. "हे हलत नाही. वजन थेट ट्रकच्या चाकांवर येतं."

मुलगी इल्फर्डला राहते. तिचा जन्म इथलाच. तिला फोनवर फोटो पाठवला तेव्हा तिने लगेच फोन केला. "आई, हा तर लॉरी आहे! बाबा रिटायर होऊन लॉरी आणला?"

"ती लॉरी. आणि आणली नाही अजून," तो मागून ओरडला.

"तेच ते. बाबा, तू कंटेनर सोडून राहू शकत नाहीस, ना?"

विक्रेत्याचं आवार मिडलंड्समध्ये, लेस्टरच्याही पुढे, वापरात नसलेल्या एका धावपट्टीला लागून होतं. पहिल्या खेपेला आम्ही तीन ट्रेलर पाहिले. पहिला जुना होता. नवऱ्याने कपाटाच्या तळाशी अंगठा दाबला, नाक जवळ नेलं आणि म्हणाला, "ओल आहे." दुसरा इतका मोठा होता की बटण दाबल्यावर त्याची एक भिंत बाहेर सरकून दिवाणखाना तयार व्हायचा. विक्रेता ती भिंत पुन्हा पुन्हा आत-बाहेर करून दाखवत होता. तिसरा आम्हाला आवडला.

आम्ही पायरीशी चपला-बूट काढले. गरज नाही, असं विक्रेता म्हणाला. मग आम्ही दोघं मोज्यांवर आत फिरतोय हे पाहून त्यानेही बूट काढले. त्याच्या एका मोज्याला भोक होतं. त्याने तो पाय दुसऱ्यामागे लपवला. मी शेगडीपुढे उभी राहिले. माझा प्रश्न एकच होता, कुकर. शिट्टीची वाफ वरच्या कपाटावर आली तर लाकूड फुगणार. मी हाताने उंची दाखवली, वाफ कशी उडते ते दाखवलं. विक्रेत्याने विचारलं, अशी वाफ किती वेळा येते? डाळीला तीन, राजम्याला जास्त, असं मी सांगितलं. शेगडीशेजारची खिडकी पूर्ण उघडते हे त्याने दाखवलं आणि तो विषय मिटला.

झोपायच्या खोलीकडे दोन पायऱ्या चढून जावं लागत होतं. तिथे नवऱ्याचा डावा खांदा कपाटाच्या कोपऱ्यावर आपटला. उतरताना तोच खांदा पलीकडच्या भिंतीवर आपटला. "जागा जरा चिंचोळी आहे," तो म्हणाला. चिंचोळी होतीच. माझाही हात लागला होता, पण एकदाच.

इथे आमच्या गाडीतली एक सवय सांगायला हवी. या देशात चालक उजवीकडे बसतो, शेजारचा डावीकडे. पुण्याहून आलो तेव्हा मला राउंडअबाउटची भीती वाटायची, म्हणून मी बोलत राहायचे. "डावीकडून सायकल." "बस निघतेय." "ती बाई रस्ता ओलांडणारे." भीती गेली, बोलणं राहिलं. नवरा चिडायचा. "रेडिओ लागला," म्हणायचा, "आता हवामान पण सांग." मंडळाच्या गणपतीत त्याचा एक मित्र दर वर्षी तोच विनोद करायचा. "वहिनी, यांचं लायसन्स जॉइंट आहे का हो तुमच्याबरोबर?" सगळे हसायचे, मीही हसायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत नवरा चिडेनासा झाला होता. मी "सायकल" म्हटलं की नुसतं "हं" म्हणायचा आणि गाडी उजवीकडे घ्यायचा. वयाबरोबर माणूस निवळतो, असं मी मैत्रिणीला सांगितल्याचंही आठवतं.

घ्यायच्या आधी एक दिवस ओढून बघायचं, अशी विक्रेत्याची अट होती. ट्रक त्याचा, धावपट्टी बाजूलाच, शिकवायला बाई येणार. या बाईंनी अनेक वर्षं लॉरी चालवली होती. पांढरे आखूड केस, अंगात पिवळं जॅकेट, आवाज असा की वाऱ्यातही शब्द तुटू नये.

दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा नवऱ्याने नवा शर्ट घातला होता. ट्रक मागे घेत घेत ताटली खिळीखाली नेण्याचं काम त्याने पहिल्याच प्रयत्नात केलं. मागचं सगळं आरशात नाही, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर, नाकासमोर दिसत होतं. खटका पडला. त्याने काच खाली केली आणि मला म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं हो."

"हा आपला."

बाई पुढे त्याच्या शेजारी बसल्या, डावीकडे, माझ्या जागी. मला मागची सीट दिली. निघण्याआधी त्या वळून माझ्याकडे पाहत म्हणाल्या की, त्यांचा नियम एकच आहे. ट्रेलर मागे घेताना, वळवताना गाडीत एकच आवाज हवा, आणि तो त्यांचा. नवरा-बायकोची भांडणं इथूनच सुरू होतात, असंही त्या म्हणाल्या.

"सांगा तिला, सांगा," नवरा खूश होऊन म्हणाला. "आयुष्यभर वाट बघितली मी या नियमाची."

मी ओठांवर बोट ठेवलं.

सरळ धावपट्टीवर तो छान चालवत होता. वेग एकसारखा, हात स्थिर. आरशातून मला त्याचा चेहरा दिसत होता. असा चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. टोकाला नारिंगी शंकू मांडून एक वाट केली होती. तिथून आत जायचं, वळायचं आणि बाहेर यायचं. पहिल्या फेरीत डावीकडचे शंकू पडले. लांब गाडीची नवी सवय, असं बाई म्हणाल्या. मागची चाकं आत कापतात, वळण मोठं घ्या. दुसऱ्या फेरीत त्याने वळण मोठं घेतलं. तरी डावीकडचे पडले. उजवीकडचा एकही हलला नव्हता. बाईंनी डावा आरसा बटणाने फिरवून दिला आणि आता दिसतंय का विचारलं. तो म्हणाला, "परफेक्ट."

तिसऱ्या फेरीत विक्रेता चहा घेऊन आला. दोन्ही हातांत मग होते. गवताच्या बाजूने, म्हणजे आमच्या डावीकडून, तो चालत येत होता. बाई तेव्हा उजव्या आरशात ट्रेलरची मागची चाकं बघत होत्या. मी त्याला बराच आधी पाहिलं. तो थांबला नाही. ट्रक चालवणाऱ्याने आपल्याला पाहिलंय, असंच कुणालाही वाटेल. मधे काही नव्हतं, लख्ख ऊन होतं. माझ्या तोंडात शब्द तयार होता. गाडीत एकच आवाज, हा नियमही डोक्यात होता. मी बोलले नाही. नवऱ्यालाही तो दिसतच असणार, असं मी धरून चालले होते.

बाई ओरडल्या आणि त्यांनी हॅंडब्रेक ओढला. ट्रक गचका खाऊन थांबला. विक्रेता मागे उडी मारून गवतात पडला. हातातले दोन्ही मग फुटले, चहा त्याच्या शर्टावर. त्याला लागलं नाही. तो उठला आणि ठीक आहे म्हणून हात हलवू लागला.

नवरा समोर बघत होता. मग मराठीत म्हणाला, "हा कुठून आला?"

त्याने पुन्हा विचारलं, या वेळी इंग्रजीत. बाईंनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून जॅकेटच्या खिशात ठेवली. त्यांनी हळू आवाजात विचारलं, डोळ्यांची शेवटची तपासणी कधी झाली?

"दर वर्षी करतो," नवरा म्हणाला. "पुण्याला."

हे खरं होतं. डिसेंबरात पुण्याला गेलो की चष्म्याचं दुकान ठरलेलं. दुकानदार चहा मागवायचा, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा आणि म्हणायचा, "काका, नंबर तोच! तुम्ही आमचा धंदा बसवणार." नवरा दोन चष्मे करून घ्यायचा, एक घरचा, एक गाडीतला. आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी असंच करतात. इथे साठीनंतर डोळ्यांची तपासणी फुकट आहे. ऑप्टिशियनकडून आठवणीचं पत्र यायचं, तो दुर्लक्ष करायचा. "ते लोक डोळ्यात हवेचा फवारा मारतात," त्याची तक्रार. "चष्म्याच्या नंबराचा आणि हवेचा संबंध काय?" संबंध खरंच नव्हता. तो फवारा नंबरासाठी नसतो. डोळ्यातला दाब मोजण्यासाठी असतो. हे आम्हाला नंतर कळलं.

परत येताना गाडी मी चालवली. मोटरवेवर मी एरवी चालवत नाही. तो डावीकडे बसला होता, हात मांडीवर. ऑक्सफर्ड मागे पडलं.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा ना."

"तू जे सांगायचीस. सायकल, बस, बाई. ते मला दिसतंय, असं तुला वाटायचं?"

"हो."

"मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू सांगितलंस की मला दिसायचं गं. खरंच दिसायचं. आज तू बोलली नाहीस."

रस्त्यावर लक्ष ठेवायचं होतं म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

इथल्या ऑप्टिशियनने डोळ्यातला दाब मोजला आणि लगेच हॉस्पिटलला पाठवलं. तिथली तपासणी अशी असते. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक प्रकाश लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराबाहेरच्या खुर्चीवर होते. बटणाचा आवाज बाहेर येत होता. टिक, टिक, मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. तपासणी संपली असं वाटून मी उठले, तेवढ्यात पुन्हा एक टिक आला. मी बसले. आतली मुलगी त्याला मधूनमधून सांगत होती की छान चाललंय. प्रकाश पडत होते. फक्त ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हते.

डॉक्टर नागपूरच्या होत्या. आमची मुलगी असेल तेवढ्या वयाच्या. आडनाव वाचून त्या मराठीत बोलू लागल्या. इंग्रजीत ऐकलं असतं तर सोपं गेलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

"काका, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डावीकडचं बरंच गेलंय. मधलं शाबूत आहे, म्हणून अक्षरं वाचता येतात."

"पण मला काळं काही दिसत नाही," तो म्हणाला. "आंधळ्या माणसाला काळं दिसतं ना?"

"नाही दिसत. मेंदू भरून काढतो. रस्ता असेल तर रस्ता, गवत असेल तर गवत. त्यावर माणूस चालत असेल तर तो भरत नाही."

त्यांनी विचारलं, घरात कुणाला होता का?

"आईला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. ती कपाबाहेर चहा ओतायची. पण तो मोतीबिंदू."

"ऑपरेशन झालं होतं?"

"नाही. वय झालं, असं म्हणायचे सगळे."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही, काका. थेंब देते. रोज न चुकता घालायचे. जे आहे ते राखू या." आणि मग, "गाडी चालवायची नाही. आजपासून."

"आम्ही गाडीनेच आलोय."

"काकू चालवतील."

त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. येतानाही गाडी मीच चालवली होती. किल्ली त्याच्याकडे असायची, एवढंच.

लायसन्स त्याने त्याच आठवड्यात परत पाठवलं. मुलगी शनिवारी आली. तिने सगळं वाचून ठेवलं होतं. "आई, तू चालव ना! लर्न करता येतं. बाबाला बाजूला बसव. ट्रेलर कॅन्सल नको करू." तिचा मुद्दा बरोबर होता. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं नव्हतं. उलट, जे बघायचं ते लवकर बघून घ्या, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. मी त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, या, मी शिकवते. मी एकटी गेले. पुढे चालवणं जमलं. मागे घेणं जमेना. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे डोक्याला कळत होतं, हातांना कळत नव्हतं. वेळ लागेल पण जमेल, असं बाईंचं मत पडलं.

घरी आल्यावर मी त्याला तसंच सांगितलं.

"आणि मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"तू ओढणार, तू लावणार, तू जोडणार. मी काय करू?"

"बसा ना शेजारी. समुद्र बघा."

"कंटेनर पण समुद्र बघतो," तो म्हणाला. "माल म्हणून नाही जायचं मला."

"अहो, असं काय बोलता?"

"बरोबर बोलतोय."

मी झोपायची सोय असलेल्या छोट्या कॅम्पर गाडीचं सुचवलं. आगगाडीने जायचं सुचवलं. तो दोन्ही वेळा "बघू" म्हणाला. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे.

विक्रेत्याने ट्रेलर आमच्यासाठी अडवून ठेवला होता. त्याने घाई केली नव्हती. शर्टावरच्या चहाबद्दल तर त्याने अवाक्षरही काढलं नव्हतं. एका सकाळी नवऱ्याने त्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. दार उघडं होतं. त्याचं इंग्रजी फोनवर नेहमीच जरा ताठ होतं, तसंच तेव्हाही होतं. आधी आभार, मग हवा, मग मुद्दा. दुसरं कुणी घेणारं असेल तर खुशाल द्या, आम्ही थांबवून ठेवत नाही. तिकडून काहीतरी विचारणा झाली असावी, कारण तो एकदम वेगळ्याच आवाजात बोलू लागला. त्या आवारात तेव्हाच एक जोडपं आलं होतं आणि तोच ट्रेलर पाहत होतं. त्यांना ट्रकबद्दल शंका होती. विक्रेत्याने फोन त्यांच्याकडे दिला. नवऱ्याने त्यांना ताटलीची उंची कशी जुळवायची ते सांगितलं, वजन कुठे यायला हवं ते सांगितलं. खीळ दर वेळी पुसून मगच वंगण लावा, जुन्या वंगणात खडे अडकतात, हे दोनदा सांगितलं. स्वयंपाक करणार असाल तर शेगडीजवळची खिडकी उघडा, हेही सांगितलं. मधे तो हसला. चांगला, मोकळा हसला. मी भाजी निवडायची थांबले होते.

मग तो ऐकत राहिला. मग थोडक्यात काहीतरी म्हणाला, त्यांना शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. तो खुर्चीत बसला होता, खिडकीकडे तोंड करून.

"काय म्हणाले?"

"चांगली माणसं वाटली. घेतील." तो थांबला. "विचारत होते, एवढी माहिती आहे तर तुम्ही का नाही घेत?"

"मग?"

"सांगितलं, मिसेसना नको झालंय. एवढं मोठं घर सांभाळायचं त्यांना जड जातं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्या डावीकडे उभी होते. त्याला मी दिसत होते की नाही, सांगता येणार नाही.

"बरं केलंत," मी म्हणाले.